उजेडाचे माग

"आत्याबाई, मामा तुमच्याजवळ आहेत ना?"

रेणुका, माझी सून, चक्कीवरून दळण घेऊन आली होती. कडेवर डबा, केसांवर पीठ. मी पायरीवर बसून शेंगा फोडत होते. दिवस बुडायला आला होता.

"माझ्याजवळ कशाला असतील? आत झोपलेत."

"आत नाहीत."

"मोरीत बघ."

"बघितलं. मागच्या दाराची कडी निघालीय."

मी सूप बाजूला सारलं नि उठले. आमचं घर ते केवढं. पुढची खोली, मागची खोली, मध्ये पडदा. गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या लाइनीतलं घर, त्यात माणूस हरवायचा म्हटला तर भिंतीत चिणावा लागेल. पलंग रिकामा होता. पलंगाखालची ट्रंक बाहेर ओढलेली आणि तिच्यातला ठेवणीतला पांढरा सदरा नि टोपी नाहीशी. अंगातला रोजचा बनियन उशाशी घडी करून ठेवलेला.

"लग्नाला गेलेत का काय कुणाच्या," मी म्हटलं. देव्हाऱ्याकडं नजर गेली. तिथला नारळही नव्हता. "नारळाची चटणी केलीस?"

"देवापुढचा नारळ मी कशाला फोडीन, आत्याबाई?"

"तुझा काय भरवसा. मागं निरांजनातलं तूप पोळीला लावलंस."

रेणुकानं डबा खाली टेकवला नि पलंगाखाली वाकून बघितलं. एरवी ती एकाला दोन सुनावते. 

आमच्या मालकांचं डोकं उतरणीला लागलं होतं. मालक म्हणजे माझा नवरा, रेणुका ज्यांना मामा म्हणते तो तिचा सासरा. त्यांचं नाव मी कधी घेतलं नाही, आताही घेणार नाही. जेवून उठले की विचारायचे, आज जेवण नाही का. घरातल्या सगळ्यांना अहो-जाहो करायला लागले होते, नातवंडांनासुद्धा. लाइनीत कुणी विचारलं तर मी सांगायची, कानानं कमी ऐकू येतं. अहो-जाहोचं विचारलं तर सांगायची, वयाबरोबर माणसाला रीत येते, तुमच्या घरात अजून आली नाही वाटतं. मग पुन्हा कुणी विचारत नसे. हे सगळं फक्त मला, रेणुकाला आणि माझ्या लेकाला, सिद्रामला माहीत. आणि सिद्राम त्या दिवशी ट्रक घेऊन हैदराबादच्या वाटेवर होता. फोन लागत नव्हता.

"शेजारच्यांना सांगू का?" रेणुकानं विचारलं.

"काही नको. दवंडी पिटायचीय का? चप्पल घाल, चल."

"कुठं?"

ते मलाही ठाऊक नव्हतं. पण गल्लीत आलो आणि समोर बघितलं. गिरणीवरचं आभाळ हिरवं झालं होतं.

आमची गिरणी बंद पडून अर्धं आयुष्य होत आलं होतं. सोलापुरातल्या पुष्कळ गिरण्यांसारखी तीही गेली. माग भंगारात, पत्रे कुणी नेले, दारं कुणी नेली. उरल्या भिंती, धुराडं आणि भिंतीतून फुटलेले पिंपळ. त्या वर्षी माघात पुण्याहून एक पोरगी आली, ऋता दातार. केस कापलेले, पायात पोरांचे बूट, पण वागायला गोड. ती म्हणाली, ह्या पडक्या गिरणीत आम्ही दिवे लावणार, झाडांवर, पाण्यावर, भिंतींवर, आणि लोक ते बघायला येणार.

"झाडाला दिवे लावायला पुण्याहून माणूस लागतं?" मी विचारलं होतं.

ती हसली. "आजी, गिरणी थांबली आणि झाडं आली, पाखरं आली. रंगाच्या हौदातलं पाणी निवळलं, तिथं आता खंड्या येतो. आम्ही तेवढंच दाखवणार. वीजसुद्धा उन्हाची, दिवसा साठवलेली."

"म्हणजे आमच्या पोटावर पाय आला तेव्हा झाडांना पालवी फुटली म्हण की."

पोरगी लाल झाली, पण उठून गेली नाही. तिला मालकांशी बोलायचं होतं. मागखात्यात कुठला माग कुठं होता, ते तिला हवं होतं. मला धाकधूक, की हे आता काहीतरी बोलतील आणि आब जाईल. पण काय सांगू. सकाळी काय खाल्लं ते न आठवणारा माणूस तिच्यासमोर बोटानं जमिनीवर रेघा ओढत बसला. ह्या ओळीत हा, त्या ओळीत तो, इथं खांब, इथं अंबादास, त्याच्या शेजारी मी, माझ्या डोक्यावर छपरातली काच, दुपारी ऊन बरोबर मागात पळणाऱ्या धोट्यावर. एक नाव चुकलं नाही. पोरगी म्हणाली, "आजोबांचं डोकं काय तल्लख आहे हो." मी तिला दुसऱ्यांदा चहा दिला.

दिवे लागल्याला दोन-चार दिवस झाले होते. आम्ही गेलो नव्हतो. मालक मात्र संध्याकाळ झाली की खिडकीशी बसून ते हिरवं-पिवळं आभाळ बघत. मला वाटायचं, बरं आहे, मन रमतंय.

गिरणीच्या गेटाला जत्रा भरली होती. पोरं, बायका, भेळेची गाडी. एक पोरगा अंगाला चंदेरी रंग फासून स्टुलावर उभा होता, पुतळ्यासारखा, आणि लोक त्याच्या नाकाशी बोट नेऊन बघत होते हलतोय का. पहाऱ्यावर अंबादास येमूल होता. मालकांच्या शेजारच्या मागावरचा तोच अंबादास, आता रखवालदार.

"वहिनी, तुम्ही? आज वाट चुकलात."

"मालक आले का इकडं?"

"न्हाई की. मी दुपारपासून हितंच हाय. नागन्ना आला असता तर मला न दिसता जातोय व्हय?" मग त्यानं माझं तोंड बघितलं. "काय झालं?"

"काही नाही. फिरायला गेलेत, अजून आले नाहीत."

रेणुकानं मध्येच तोंड घातलं. "अंबादासमामा, त्यांना हल्ली काही आठवत नाही. घरसुद्धा आठवत नाही."

मी तिच्याकडं असं बघितलं की तिची वाचाच बसायला हवी होती. ती थांबली नाही. "मला कुणाची लाज वाटत नाही आता," म्हणाली. "माणूस मिळू दे."

अंबादासनं ऋताला बोलावलं. तिच्या हातात माईक होता. "आजोबांचं नाव सांगा, लगेच पुकारते."

"होटकर," मी म्हटलं.

"पूर्ण नाव?"

मी धुराड्याकडं बघत राहिले. रेणुकाच म्हणाली, "नागनाथ सिद्राम होटकर."

"हरवलेत म्हणू नको हां पोरी," मी म्हटलं. "घरचे वाट बघतायत, एवढंच म्हण."

ती तसंच बोलली. सगळ्या गिरणीत तिचा आवाज घुमला आणि विरून गेला. कुणी आलं नाही. माईकवर नागनाथ सिद्राम होटकर म्हणजे कोण, हे त्यांना तरी कुठं ठाऊक होतं.

मग आम्ही शोधत सुटलो. अंबादासला वाटलं, पाळीवर आलाय असं समजून नागन्ना हजेरीच्या खिडकीशी जाऊन उभा असेल. तिथं पिंपळाच्या मुळ्यांवर हिरवा उजेड सोडला होता, मुळ्या हलताहेत असं वाटे. तिथं नव्हते. बायलरघरात बघितलं. तिथं लाल उजेड आणि वटवाघळं. तिथंही नव्हते. मला पहिल्यांदा कळलं की उजेडात शोधणं अंधारापेक्षा वाईट. अंधारात माणूस हाका मारतो, चाचपतो. इथं सगळीकडं काही ना काही दिसत होतं आणि मला पाहिजे ते दिसत नव्हतं. प्रत्येक पांढरा सदरा जवळ गेलं की दुसऱ्याचा. दुरून म्हातारा दिसायचा तो जवळ गेल्यावर खांब व्हायचा.

वाटेत एक पोरगी तिच्या दोस्ताला सांगत होती, "अरे, मागांच्या खोलीत जा आधी. तिथला तो म्हातारा बघ. काय उभा राहिलाय. पापणी हलवत नाही."

"गेटवर तो चंदेरी होता तसा?"

"त्याच्यापेक्षा भारी."

मी त्यांना ढकलून पुढं गेले. माझा जीव टांगणीला आणि ह्यांचे सोंगांचे खेळ, असं वाटलं. कानावर पडलेलं कानातच राहिलं.

रंगाचा हौद गिरणीच्या मागच्या अंगाला. तिथं भिंतीत एक छोटा दरवाजा आहे, आमच्या लाइनीकडं उघडणारा. एरवी कुलूप असायचं. त्या दिवशी वायरी आत घ्यायला तो उघडा ठेवला होता. रेणुका माझ्या पुढं होती. ती एकदम खाली बसली.

"आत्याबाई."

दरवाजाच्या आत, भिंतीला लागून, मालकांच्या चपला होत्या. डाव्या चपलेचा अंगठा मी दोऱ्यानं शिवलेला. तिथून हौदाचा कठडा हाताच्या अंतरावर, आणि कठडा जागोजाग पडलेला. पाण्यावर उजेडाची कमळं तरंगत होती, गुलाबी, हळूहळू मोठी होत, हळूहळू लहान होत.

"विझव ते," मी ऋताला म्हटलं.

"आजी, कमळं विझवली तर पाणी दिसणार नाही."

"मग त्यात माझा माणूस आहे का ते दाखव."

तिनं ओरडून वायरमनांना बोलावलं. अंबादास आणि दोन वायरमन लांब बांबू घेऊन आले आणि पाणी ढवळायला लागले. कमळं एकमेकांवर आपटून उलटी झाली. लोक कठड्याशी गोळा झाले. कुणी म्हणालं, हेही त्यातलंच आहे का? बांबूला काहीतरी जड लागलं. अंबादासनं ओढलं तसं पाण्यात पांढरं वर आलं. मी डोळे मिटले नाहीत. मिटणार होते, पण म्हटलं, मी नाही बघणार तर कोण बघणार. सिमेंटचं पोतं होतं.

"अजून खोल बघतो, वहिनी," अंबादास म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

रेणुका हुंदके द्यायला लागली.

"गप," मी म्हटलं. "अजून काही झालेलं नाही. झाल्यावर रड."

 मी भिंतीशी बसले, त्या चपलांजवळ. आयुष्यभर त्या माणसाशी मी चपलांवरून भांडले. एक दारात, एक पलंगाखाली. कधी जोड एका जागी नाही. माझ्या सासूनं लावलेलं वळण, म्हणजे न लावलेलं. आणि इथं बघते तर टाचा भिंतीला चिकटवून, अंगठे बाहेर करून, दोन्ही चपला एका रेघेत ठेवलेल्या. देवळाबाहेर ठेवतात तशा.

पाण्यात पाय घसरलेला माणूस चपला अशा ठेवत नाही. पाण्यात शिरलेलाही नाही. ठेवणीतला सदरा. टोपी. देवापुढचा नारळ. आणि डोळ्यांसमोर दिव्यांनी लखलखलेली गिरणी.

"खंडेनवमी," मी म्हटलं.

"काय?" रेणुकानं नाक पुसत विचारलं.

तिला काय ठाऊक असणार, ती लग्न होऊन आली तेव्हा गिरणीला टाळं होतं. वर्षात एकच दिवस असा असे की गिरणीत कामगारांची बायकामुलं येऊ शकत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला. त्या दिवशी माग बंद. सगळी गिरणी दिव्यांच्या माळांनी सजवायची. कामगार धुतलेल्या कपड्यांत यायचे, चपला बाहेर काढून खात्यात शिरायचे, आपापल्या मागाशी उभे राहायचे आणि घरून पूजेचं ताट यायची वाट बघायचे. आम्ही बायका ह्याच छोट्या दरवाजातून आत जायचो. ताट आल्याशिवाय नारळ फुटायचा नाही, आणि नारळ फुटल्याशिवाय माणूस मागापासून हलायचा नाही. तशी रीतच होती. मला स्वयंपाकात नेहमी उशीर व्हायचा. बाकीच्यांच्या पूजा होऊन चुरमुरे वाटून व्हायचे, आणि हे आपले मागाशी उभे. पापणी न हलवता.

पापणी न हलवता.

मी उठले कशी ते आठवत नाही. गुडघ्यानं त्या दिवशी काही कुरकुर केली नाही. मागखातं हौदाला लागूनच. दारात दोर बांधला होता आणि दोरामागं माणसांची दाटी, सगळ्यांचे मोबाइल वर. मी दोघांना कोपरानं बाजूला केलं.

आत धूर सोडला होता, पांढरा, गुडघाभर. आणि त्या धुरावर माग होते. खरे नव्हेत, उजेडाचे. बारीक उजेडाच्या रेघांनी एकेका मागाची चौकट काढलेली, ओळीच्या ओळी, पार भिंतीपर्यंत. मालकांनी जमिनीवर बोटानं काढले होते तसेच. आणि मधल्या ओळीत, खांबाच्या शेजारी, एका मागाशी आमचे मालक उभे होते. पांढरा सदरा, पांढरी टोपी, अनवाणी, हातात नारळ.

माझ्या तोंडून हाक निघणारच होती. तेवढ्यात ऋतानं मागून माझा दंड धरला. तिची बोटं थंडगार होती.

"आजी, त्यांना बोलावू नका," ती कानाशी म्हणाली. "तिथं जमीन नाहीये."

मला आधी समजेना. अंबादासनं सांगितलं. मागांखालून ओल्या हवेचं भुयार असे, सूत तुटू नये म्हणून. त्या भुयारावरची फरशी मधल्या ओळींखाली कोसळली होती. खाली दोन पुरुष खोल खड्डा, पाणी, वर आलेल्या सळ्या. ऋताच्या लोकांनी त्यावर धूर सोडून माग तरंगते केले होते. मालक उभे होते तेवढा फरशीचा तुकडा खांबाला धरून राहिला होता.

"पण तिथं गेले कसे?"

"मागच्या बाजूनं एक गर्डर उरलाय," अंबादास म्हणाला. "वीतभर रुंद. त्याच्यावरून आला असणार. डोळे मिटून यायची वाट की ती त्याची."

"आणि तुझी माणसं काय करत होती?" मी ऋताला विचारलं.

"लोकांना वाटलं..." ती थांबली. "आमच्या पोरांनाही वाटलं की मीच उभं केलंय त्यांना."

मागून एकजण म्हणाला, "आजी, जरा खाली व्हा ना, फोटोत येताय." त्याला मी काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्या गडबडीत मालकांनी मान वळवली. धुरातून, रेघांमधून त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"आलीस व्हय? किती उशीर गं."

आलीस. गं.

दोन वर्षं झाली होती. दोन वर्षं तो माणूस मला रोज सकाळी विचारायचा, बाई, तुम्ही कुणाकडं आलात? चहा दिला की म्हणायचा, बाई, तुमचे उपकार झाले. शेजारी झोपायला गेले तर उठून बसायचा, भिंतीकडं सरकून, परक्या बाईला बघून भल्या माणसानं सरकावं तसा. सगळ्यांना अहो-जाहो करतात असं मी सांगत फिरायची, ते खोटं नव्हतं. मलाही करतात, एवढंच सांगत नव्हते.

"आले आले," मी म्हटलं. "तिथंच थांबा."

"ताट?"

ताट कुठलं. मी पदर पुढं घेतला आणि दोन्ही हात त्याखाली धरले, निरांजनाला वारं लागू नये म्हणून धरतात तसे. "आणलंय. वारं आहे म्हणून झाकलंय."

"मग ये की इकडं." त्यांनी एक पाय उचलला.

"पाय खाली," मी म्हटलं. घरात पोरांवर ओरडायची तो आवाज. "नारळ फुटायच्या आधी मागापासून हलायचं नाही, हे मी सांगायचं का तुम्हाला?"

पाय खाली गेला. "ते खरं," ते म्हणाले.

अंबादास वायरमनांना घेऊन शिडी आणायला पळाला. ऋतानं विचारलं, "मोठा दिवा लावू? सगळं स्पष्ट दिसेल."

"हात लावू नको कशाला. आहे तसं राहू दे."

"तसं राहणार नाही आजी. थोड्या वेळानं सगळं आपोआप विझतं, ओळीओळीनं. तसं लावून ठेवलंय." असं म्हणून ती धावत सुटली.

मी पूजा सुरू केली. मी सांगायची आणि ते करायचे. आधी मागाला नमस्कार. केला. हळद लावा. त्यांनी चिमटीत काही नसताना उजेडाच्या रेघेला हळद लावली. बोटं पिवळी झाली. कुंकू. तेही लावलं.  मागं लोकांत कुणालातरी उमगलं असावं, कारण मोबाइल एकेक खाली आले.

"सिद्राम कुठाय?" त्यांनी विचारलं.

"चुरमुरे घ्यायला रांगेत उभा केलाय."

"हात सोडू नको त्याचा. मागाच्या पट्ट्यात घालील."

तेवढ्यात पलीकडच्या भिंतीजवळची ओळ विझली. मग तिच्या अलीकडची. धूर काळा व्हायला लागला आणि तो काळोख एकेक माग गिळत त्यांच्याकडं यायला लागला.

"वीज चालली बघ," ते म्हणाले आणि वळायला लागले. "बघून येतो काय झालं."

"माझ्याकडं बघा. पूजेत पाठ फिरवतात?"

"अगं पण वीज..."

"वीज बघायला माणसं आहेत. मी एवढं ताट धरून उभी आहे, माझ्याकडं कोण बघणार?"

ते माझ्याकडं बघत उभे राहिले. त्यांच्या पलीकडची ओळ गेली. मी मनात कुठल्या देवाला काय बोलले सांगता येत नाही, पण नवस नव्हता, धमकी होती. मग थांबलं. काळोख त्यांच्या पाठीशी येऊन थांबला आणि विझलेले माग एकेक करून परत उजळले. ऋता पोचली होती.

शिडी आली. वायरमनांनी तिच्यावर फळ्या बांधल्या आणि खांबाच्या बाजूनं धुराखालून हळूच सरकवली. अंबादास तिच्यावर पोटावर पडून निघाला. वय त्याचंही काही कमी नव्हतं.

"अंबादास, तू इकडं कशाला?" मालक म्हणाले. "तुझी पूजा झाली की."

"प्रसादाला आलोय, नागन्ना. तुझ्या घरचा नारळ गोड असतोय."

अंबादासनं त्यांच्या पायाशी जाऊन खांब धरला, शिडीचं टोक बांधलं आणि माझ्याकडं बघून मान हलवली. म्हणजे फोडू दे आता.

मी बघितलं होतं त्याला मान हलवताना. तरी म्हटलं, "अजून फूल वाहायचंय."

अंबादासनं पुन्हा मान हलवली.

"लुगडं नवं का?" मालकांनी विचारलं.

मी घरातलं विटकं पातळ नेसून तशीच धावत आले होते. त्या उजेडात ते काय दिसत होतं कोण जाणे. "दसऱ्याचं," मी म्हटलं.

"हिरवं तुला चांगलं दिसतं."

"कधी बोलला नाहीत ते."

"दिसतंय ते बोलायचं कशाला."

"मग आज का बोललात?"

ते हसले. टोपी जराशी मागं सारली. ती त्यांची जुनी खोड, लाजले की. "उशीर झाला म्हणून मी चिडलोय असं तुला वाटतंय ना? नाही चिडलो. तू येणार हे ठाऊक असतं मला."

रेणुका माझ्या मागं येऊन उभी होती. "आत्याबाई," ती हळू म्हणाली, "शिडी लागलीय."

"दिसतंय मला."

फरशीचा तुकडा किती वेळ टिकेल कुणाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. तरी मी आणखी एकदा ओवाळून घेतलं. उजवीकडून, डावीकडून, सावकाश. कुणी मला त्यावरून बोल लावला तर लावू दे. त्यांनी आपल्या माणसाच्या तोंडून दोन वर्षं 'बाई' ऐकावं, मग बोलावं.

"फोडा आता," मी म्हटलं.

ते वाकले. जुन्या मागाचा एक लोखंडी पाय फरशीत तेवढा उरला होता. त्यावर त्यांनी नारळ आपटला. एका घावात दोन भकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या कशाच्या?" मालकांनी विचारलं.

"बोनस जाहीर झाला," अंबादास म्हणाला, आणि त्यांच्या कमरेला मिठी घालून त्यांना शिडीवर घेतलं.

ते कसे आले ते मी बघितलं नाही. मी फक्त त्यांच्या पायांकडं बघत होते. धुरातून एक पाय निघायचा, फळीवर टेकायचा, मग दुसरा. मध्यावर फळी वाकली आणि पाठीमागून काहीतरी पाण्यात पडल्याचा आवाज आला, खूप खालून.  मग वायरमनांनी हात पुढं केले, आणि आमचे मालक दोराच्या अलीकडं, माझ्यासमोर, धड जमिनीवर उभे राहिले. हातात नारळाची दोन भकलं.

मी त्यांचा दंड धरला. घट्ट धरला.

त्याच वेळी कुणीतरी मोठा दिवा लावला. पांढरा, दवाखान्यातल्यासारखा. उजेडाचे माग पुसून गेले. दिसायला लागल्या नुसत्या भिंती, पत्रे नसलेलं छप्पर, आणि मध्ये काळा खड्डा. मालकांनी डोळे बारीक करून इकडंतिकडं बघितलं. मग त्यांचा हात धरलेल्या माझ्या हाताकडं बघितलं. मग माझ्याकडं.

त्यांनी हळूच, मला वाईट वाटू नये असा, दंड सोडवून घेतला. नारळाचं एक भकल माझ्यापुढं धरलं.

"प्रसाद घ्या, बाई."

मी घेतला.

"तुमचा माणूस कुठल्या खात्यात?"

"मागखात्यात," मी म्हटलं.

"मग येईल की. खंडेनवमीला सगळ्यांनाच उशीर होतो." त्यांनी टोपी नीट केली. "घाबरू नका. हितंच थांबा."

अंबादास त्यांना चपलांकडं घेऊन गेला. रेणुकानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "चला, आत्याबाई. घरी चला."

"थांब जरा," मी म्हटलं. "त्यांनी थांबायला सांगितलंय."